कुलूपबंद सभागृह: सामोआ, 2021

51 चे 10 टक्के म्हणजे 5.1. चौथीतल्या पोराला जमेल असं हे गणित. पण 2021 साली दक्षिण प्रशांत महासागरातल्या सामोआ या जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात याच पॉइंट एकावरून सरकार अडलं, एक फेरनिवडणूक जाहीर होऊन रद्द झाली आणि देशात काही आठवडे दोन-दोन पंतप्रधान होते. बातम्यांमधून हे प्रकरण ‘पहिल्या महिला पंतप्रधानाला संसदेबाहेर ठेवलं’ एवढ्यावर आलं आणि विरलं. खरी गंमत त्याच्या आधी आणि नंतर आहे. माझ्या मते हा सत्तेचा पेच कमी आणि विरोधी पक्षाचा पेच जास्त होता. ज्या सभागृहात तीस-पस्तीस वर्षं विरोधी बाकांवर धड कोणी बसलंच नाही, तिथे हरायचं कसं हे हरणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि हरलेल्याला वागवायचं कसं हे जिंकणाऱ्यालाही उमगलं नाही.

आधीची चाळीस वर्षं

ह्युमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी, म्हणजे एचआरपीपी, 1979 मध्ये स्थापन झाली आणि 1982 मध्ये सत्तेवर आली. 1985 च्या अखेरीस पक्षातलीच काही मंडळी फुटली, त्यांनी विरोधकांशी हातमिळवणी केली आणि 1988 पर्यंत दुसरं सरकार चाललं. तेवढा काळ वगळला तर 2021 पर्यंत सत्ता एकाच पक्षाकडे. त्यातही 1998 पासून पंतप्रधान एकच: तुईलाएपा साईलेले मालिएलेगाओई. हा गृहस्थ साधा नव्हे. 2009 मध्ये त्यांनी अख्ख्या देशाची वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूवरून डाव्या बाजूला आणली. 2011 च्या अखेरीस सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे सरकवला, त्यात 30 डिसेंबर ही तारीखच देशाच्या दिनदर्शिकेतून गेली. रस्ता बदलला, तारीख बदलली, पंतप्रधान मात्र तोच राहिला.

इतकी वर्षं एक पक्ष टिकतो तो नुसत्या लोकप्रियतेवर नाही. सामोआत निवडणूक लढवायची तर ‘मताई’ असावं लागतं, म्हणजे कुटुंबाने दिलेली सरदारकीची पदवी असावी लागते. मतदानाचा हक्क सगळ्या प्रौढांना मिळाला तोसुद्धा 1990 च्या सार्वमतानंतर. अशा समाजात उमेदवार निवडून येतो तो घराण्याच्या आणि गावाच्या वजनावर, पक्षाचं चिन्ह नंतर. एचआरपीपीने हे ओळखलं आणि एका मतदारसंघात तीन-तीन, चार-चार उमेदवारांना आपल्या नावावर उभं राहू दिलं. भांडा आपापसात, जो जिंकेल तो आपला. वर निवडून आलेल्यांना सामावून घ्यायला मंत्रिपदांच्या खाली दुय्यम मंत्र्यांची अशी पदं निर्माण केली की सत्ताधारी बाजूच्या बहुतेक खासदारांच्या वाट्याला काही ना काही यावं. विरोधात बसलात तर हात रिकामे. मग बसणार कोण?

2016 च्या निवडणुकीत पक्षाला 50 पैकी 35 जागा मिळाल्या आणि निकालानंतर बहुतेक अपक्ष तिकडेच गेले. विरोधी पक्ष म्हणून मान्यता मिळायला किमान 8 सदस्य लागतात. तेवढे राहिलेच नाहीत. म्हणजे 2016 नंतरच्या सामोआच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष अस्तित्वातच नव्हता. विधेयक अडवणारं कोणी नाही, मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारणारी दोन-चार माणसं, बाकी सगळं सभागृह एका बाजूला.

अशा घरात विरोध बाहेरून येत नाही, तो माजघरातूनच उठतो. इथेही तसंच झालं.

तीन विधेयकं आणि एक राजीनामा

सामोआतली सुमारे 80 टक्के जमीन वहिवाटीची, म्हणजे कुटुंबांच्या सामाईक मालकीची. ती जमीन आणि मताई पदव्या यांचे तंटे सोडवायला स्वतंत्र न्यायालय आहे. 2020 मध्ये सरकारने तीन विधेयकं आणली. त्यांचा गाभा असा की हे न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर काढायचं आणि त्याची स्वतंत्र उतरंड उभी करायची. आमच्या परंपरेला पाश्चात्त्य कायद्याचं जोखड नको, असा सरकारचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण गावाच्या पंचायतीने एखाद्याला हद्दपार केलं तर मूलभूत हक्कांसाठी त्याने दाद मागायची कुठे, याचं उत्तर त्यात नव्हतं. वकील आणि न्यायाधीश उघडपणे विरोधात गेले.

उपपंतप्रधान होत्या फिआमे नाओमी माताआफा. स्वतंत्र सामोआच्या पहिल्या पंतप्रधानांची मुलगी, 1985 पासून लोतोफागाच्या खासदार, देशातल्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री. सप्टेंबर 2020 मध्ये या विधेयकांवरून त्यांनी राजीनामा दिला. त्याआधी माजी सभापती आणि माजी कृषिमंत्री लाआउली लेउआतेआ श्मिट पक्षाबाहेर पडले होते. त्यांनी ‘फास्ट’ नावाचा पक्ष काढला होता. फिआमे पुढे त्यात गेल्या आणि नेत्या झाल्या. विधेयकं डिसेंबरमध्ये मंजूर झाली. सभागृहातलं संख्याबळ बघता दुसरं काही होणंच शक्य नव्हतं.

थोडक्यात, नवा विरोधी पक्ष म्हणजे जुन्या सत्ताधारी पक्षाचाच तुटलेला तुकडा होता. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण पुढे या तुकड्याचेही तुकडे होतात.

25, 25 आणि 1

9 एप्रिल 2021 ला मतदान झालं. 51 जागा. एचआरपीपी 25, फास्ट 25, अपक्ष 1. तो एक म्हणजे तुआला इओसेफो पोनिफासियो. वर्षाच्या पक्षाने चाळीस वर्षांच्या पक्षाला बरोबरीत आणलं!

मतांचे आकडे तर अजून बोलके. एचआरपीपीला सुमारे 55 टक्के मतं, फास्टला सुमारे 37. अठरा टक्क्यांची आघाडी असूनही बरोबरी कशी? तर ती जुनी युक्तीच अंगाशी आली. समजा एका मतदारसंघात एचआरपीपीच्या तिघांनी वीस-वीस टक्के घेतले आणि फास्टच्या एकट्याने चाळीस, तर साठ टक्के मतं मिळवून पक्ष पडतो. समोर विस्कळीत विरोध असताना तीन उमेदवार उभे करणं ही चैन होती. समोर एकास एक आल्यावर तीच आत्महत्या ठरली. तुईलाएपांच्या कारकिर्दीत विरोधकांनी कधी इतकी शिस्त दाखवली नव्हती, त्यामुळे पक्षाला सावध व्हायचं कारणही पडलं नसावं.

आता सगळं तुआलांवर आलं. ते कौल देणार, त्याच सुमारास, 20 एप्रिलच्या रात्री, निवडणूक आयुक्तांनी एक जागा वाढवली. राज्यघटनेत तरतूद आहे की किमान 10 टक्के खासदार स्त्रिया असाव्यात, आणि ही संख्या ‘सध्या 5’ अशी घटनेतच लिहिलेली. 2021 मध्ये निवडून आलेल्या स्त्रिया बरोबर 5. पण दरम्यान जागा 51 झाल्या होत्या. 10 टक्के म्हणजे 5.1, माणूस तुकड्यात येत नाही, म्हणून 6, असा आयुक्तांचा हिशेब. सहाव्या स्त्री खासदार एचआरपीपीच्या. झालं, 26 विरुद्ध 25. दुसऱ्या दिवशी तुआलांनी फास्टची वाट धरली आणि पुन्हा 26 विरुद्ध 26.

तरतूद चांगली होती, यात शंका नाही. 2016 मध्ये तिच्यामुळेच पाचवी स्त्री सभागृहात आली होती. पण स्त्रियांच्या प्रतिनिधित्वासाठी केलेला नियम देशातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधानाला रोखायला वापरला गेला, आणि तोही मतदानानंतर अकराव्या दिवशी. वेळ पाहून कुणाच्याही भुवया उंचावल्या असत्या.

4 मे ला राष्ट्रप्रमुख तुईमालेआलीइफानो वालेतोआ सुआलाउवी दुसरे यांनी जाहीर केलं की कोंडी फुटत नाही, सबब 21 मे ला पुन्हा निवडणूक. 17 मे ला सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या: सहावी जागा अवैध, फेरनिवडणूकही अवैध. संसद भरलीच नाही तर कोंडी झाली हे ठरवणार कोण? बहुमत राजवाड्यात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं.

शनिवार, रविवार, सोमवार

घटनेप्रमाणे निवडणुकीपासून 45 दिवसांत संसद भरलीच पाहिजे. 9 एप्रिलपासून मोजलं तर शेवटचा दिवस 24 मे, सोमवार. राष्ट्रप्रमुखांनी त्या दिवसासाठी बैठक बोलावलीही. मग शनिवारी, 22 तारखेला, कारण न देता ती स्थगित केली.

रविवार हा सामोआत देवाचा वार. चर्च, घरचं जेवण आणि विश्रांती, गावोगाव बाकी सगळं बंद. त्या रविवारी सर्वोच्च न्यायालय बसलं आणि स्थगिती बेकायदा ठरवली. यावर सभापतींनी रात्री कळवलं की आपण राष्ट्रप्रमुखांचंच ऐकणार.

सोमवारी सकाळी आपियाजवळच्या मुलिनुउ इथे, दोनच वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बांधलेल्या नव्याकोऱ्या संसद भवनाच्या दारांना कुलपं होती. फास्टचे खासदार आणि लाल कपड्यांतले समर्थक हिरवळीवर जमले, भजनं म्हणू लागले. सरन्यायाधीश सातिऊ सिमातिवा पेरेसे आणि त्यांचे सहकारी झगे आणि पांढरे केसांचे टोप अशा पूर्ण इतमामात चालत आले, दारापर्यंत गेले, कुलूप पाहिलं आणि परत गेले. देशाच्या सरन्यायाधीशाला स्वतःच्याच न्यायालयाचा आदेश पाळला जातोय का हे हाताने दार ढकलून पाहावं लागलं. पोलीस होते, पण ना लाठी चालली ना दगड. नंतरच्या चार वर्षांत ज्या देशाकडून फारसं शिकायला मिळालं नाही, त्याचं एवढं श्रेय त्या दिवशीच्या जमावाला आणि पोलिसांना द्यायलाच हवं.

संध्याकाळकडे हिरवळीवर मंडप टाकला गेला आणि फास्टच्या खासदारांनी तिथेच शपथ घेतली. शपथ द्यायला राष्ट्रप्रमुख नाहीत, सरन्यायाधीश नाहीत, वकील मंडळींनी ती दिली. फिआमे पंतप्रधान झाल्या. तुईलाएपांनी याला राजद्रोह म्हटलं. फिआमेंच्या मते, निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणं हाच सत्ता बळकावण्याचा प्रकार होता. कार्यालयं, गाड्या, तिजोरी तुईलाएपांकडे, खासदारांचा आकडा फिआमेंकडे. निवडणूक याचिका दोन्ही बाजूंनी ढिगाने दाखल झालेल्या.

इथे एक खुलासा. सामोआत सर्वोच्च न्यायालयाच्याही वर अपील न्यायालय असतं, त्यामुळे पुढचे निकाल वाचताना गोंधळ होतो. 2 जूनला अपील न्यायालयाने म्हटलं की स्त्रियांची किमान संख्या 6 च, पण ती भरायची वेळ निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका आटोपल्यावर. म्हणजे गणित आयुक्तांचं बरोबर, घाई चूक. 28 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मंडपातली शपथ अवैध ठरवली, पण त्याच दमात सात दिवसांत संसद भरवा असं बजावलं. नाहीतर निरुपायाच्या तत्त्वावर तीच शपथ ग्राह्य धरण्याचा विचार होऊ शकेल, असा इशाराही दिला. राष्ट्रप्रमुखांनी सात दिवसांऐवजी 2 ऑगस्ट ही तारीख दिली. अखेर 23 जुलैला अपील न्यायालयाने मंडपातली शपथ वैध धरली: 24 मे पासून देशात फास्टचंच सरकार आहे. तीन दिवसांनी तुईलाएपांनी पराभव मान्य केला. तुआला उपपंतप्रधान झाले.

या सगळ्यात निर्णायक ठरलं ते 45 दिवसांचं कलम. घटनाकारांनी तिथे ‘योग्य वेळी’, ‘यथावकाश’ असले शब्द घातले असते तर न्यायालयाच्या हातात काहीच उरलं नसतं. आकडा होता, म्हणून तारीख होती. तारीख होती, म्हणून कोणी ती चुकवली हे दाखवता आलं.

खुर्ची बदलली, सवय नाही

बहुतेक लेखन इथे थांबतं. कथा म्हणून शेवट छान आहे. प्रकरण म्हणून मात्र निम्मंच झालंय.

14 सप्टेंबर 2021 ला नवी संसद भरली. आता फास्टचे सभापती पापालिइ लिओ ताएउ मासिपाऊ यांनी एचआरपीपीच्या खासदारांना शपथच घेऊ दिली नाही. त्यांनी आधी सभापतींची निवड मान्य करावी, असा आग्रह. चार महिन्यांपूर्वी ज्यांना संसदेचं दार बंद होतं त्यांनीच आता ते दुसऱ्यांना बंद केलं. पुन्हा न्यायालय, पुन्हा आदेश, आणि त्याच आठवड्यात विरोधकांचा शपथविधी. ‘त्यांनी आम्हाला बाहेर ठेवलं होतं’ हे मानवी पातळीवर समजतं. संसदीय पातळीवर ते लंगडंच.

2022 मध्ये विरोधी पक्षनेते तुईलाएपा आणि पक्षाचे एक ज्येष्ठ सहकारी यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरण्यात आलं होतं. तो धागा पकडून मे महिन्यात सभागृहाने दोघांना बेमुदत निलंबित केलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन बेकायदा ठरवलं. ऑक्टोबरमध्ये सभागृहाने त्यांना पुन्हा निलंबित केलं, आता 24 महिन्यांसाठी.

तुईलाएपांचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. पराभवानंतर त्यांनी न्यायाधीशांवर जी राळ उडवली ती सहन करणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. पण विरोधी पक्षनेत्याला सभागृहाबाहेर काढल्याने त्याची जीभ थांबत नाही, फक्त ती सभापतींच्या अधिकाराबाहेर जाते. आणि सरकारला प्रश्न विचारायची जी एकमेव जागा आहे ती रिकामी राहते. त्याच 2022 मध्ये, बैठक स्थगित करणाऱ्या राष्ट्रप्रमुखांनाच फास्टच्या संसदेने दुसऱ्यांदा निवडून दिलं. त्यांच्याशी जमवून घेता आलं, विरोधी पक्षनेत्याशी नाही. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं विसंगत चित्र वाटतं.

तीन तुकडे

विरोध पुन्हा माजघरातूनच उठला. जानेवारी 2025 मध्ये फास्टचे संस्थापक आणि कृषिमंत्री लाआउली यांच्यावर फौजदारी आरोप दाखल झाले. त्यांनी राजीनामा द्यायला नकार दिला, फिआमेंनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, आणि पक्ष ज्यांच्या मुठीत होता त्या लाआउलींनी फिआमेंनाच पक्षातून काढलं. पंतप्रधानाकडे सरकार, पण पक्ष नाही. पक्षाध्यक्षाकडे पक्ष, पण सरकार नाही. सभागृहात आता तीन गट: फिआमेंचा, लाआउलींचा आणि तुईलाएपांचा. कोणाकडेच बहुमत नाही.

पुढचे तीन आकडे शेजारी मांडून पाहा. 25 फेब्रुवारीला तुईलाएपांचा अविश्वास ठराव: बाजूने 15, विरोधात 34. 6 मार्चला लाआउली गटाचा ठराव: बाजूने 19, विरोधात 32. दोन्ही वेळी फिआमे तरल्या, कारण एका विरोधकाला दुसऱ्या विरोधकाच्या हाताने सरकार पडायला नको होतं. श्रेय कोणाला, पुढची खुर्ची कोणाला, यावर दोघांचं पटत नव्हतं. 27 मे ला अर्थसंकल्प आला. त्यात श्रेयाचा प्रश्न नव्हता, फक्त हात वर करायचा होता. बाजूने 16, विरोधात 34. पहिल्या ठरावातले 15 आणि दुसऱ्यातले 19 यांची बेरीज करून पाहा.

अल्पमतातलं सरकार दोन विरोधकांच्या भांडणावर जवळपास तीन महिने चालू शकतं हे यातून दिसतं. त्या तीन महिन्यांत फिआमेंना दोघांपैकी एकाशी तरी अर्थसंकल्पापुरता समझोता करता आला असता का? ज्या नेत्याला तीन वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने सभागृहाबाहेर बसवलं होतं, त्याच्याशी बोलणं सोपं नव्हतं. तुईलाएपांच्या दृष्टीने पाहिलं तर फिआमेंना वाचवण्यासाठी हात वर करायचं काहीच कारण उरलं नव्हतं.

अर्थसंकल्प पडला, संसद विसर्जित झाली आणि 2026 मध्ये ठरलेली निवडणूक 29 ऑगस्ट 2025 लाच झाली. लाआउलींच्या फास्टला 30 जागा, एचआरपीपीला 14, फिआमेंच्या नव्या पक्षाला 3, अपक्ष 4. सप्टेंबरमध्ये लाआउली पंतप्रधान झाले. स्वतःची जागा राखलेल्या फिआमे, चार वर्षांपूर्वी मंडपात शपथ घेतलेल्या, आता तीन जणांच्या पक्षाच्या नेत्या म्हणून समोरच्या बाकांवर आल्या. त्याच बाजूला एचआरपीपीचे 14 जणही आले. मान्यतेसाठीच्या 8 च्या अटीच्या बरेच वर.